ताईचा चेहरा

ताई परदेशात अपघातात गेली, तेव्हा आई हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात होती. धाकट्या भावाने बातमी पोटात ठेवली आणि बेकरीत पाव भाजता भाजता गप्पांच्या साइटवरच्या ताईच्याच खात्यावरून आईला लिहू लागला. त्या साइटवर नुसतं लिहिता यायचं, म्हणून सगळं निभावलं. पुढे नवी साइट आली, सगळं गाव तिकडे पळालं आणि जुनीला टाळं लागायची वेळ आली. तो घरी आला तर आई केस विंचरून, फोन उशीला टेकवून बसलेली. “अरे, शेजारणीने मला नव्या साइटवर आणलं. तिथे चेहरा दिसतो म्हणे! ताईला लाव बघू.” पिठाच्या हातांनीच त्याने फोन पालथा ठेवला. “आई, ताई गेली गं. तू दवाखान्यात होतीस, तेव्हाच.” आईने पालथा फोन उचलून सुलटा केला. “मग मला रोज ‘जेवलीस का’ कोण विचारत होतं?”