निळा अंगठा

धोंडूबाईचा डावा अंगठा निळा होता. केसरीनाथ काल्हेरच्या गोदामावरून दुपारी घरी आला, चपला काढल्या, आणि थोरल्या बहिणीच्या तोंडाआधी त्याला तो अंगठाच दिसला.

"कधी आलीस, आक्का?"

"मगाशी. धनेशनं गाडीतून सोडलं."

धनेश म्हणजे धाकटा भाऊ. गोदामामागच्या जागेवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं, आणि त्या जागेवर बहिणीचं नाव अजून होतं. अंगठा ज्याच्याकडे, जागा त्याच्याकडे, असा साधा हिशेब. जो धनेश स्वतःच्या सासूला नाक्यापर्यंत सोडत नाही, तो बहिणीला पडघ्याहून एसी लावून इथवर आणतो?

"वाटेत कुठं थांबलात?"

"थांबलो ना. रस प्यायलो उसाचा."

"रसच?"

"बर्फ नको म्हटला त्याला, तरी घातला मेल्यानं."

केसरीनाथ तिच्या शेजारी टेकला. गोदामं भाड्याने देणारा माणूस. शटर बंद असलं तरी आतला माल वासावरून ओळखायची सवय. त्याने तिचा हात मायेने हातात घेतला आणि अंगठा हळूच चोळून पाहिला. शाई ताजी होती.

"हे काय गं?"

"फूल काढला."

"कशावर?"

"कागदावर."

"कुणाच्या?"

धोंडूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या सुनेच्या."

म्हणजे घरातलं माणूसही फोडलं. "मृणाली!"

मृणाली आतून आली. तिची दहाही बोटं रंगलेली होती, त्यामुळे केसरीनाथला धीर येण्याऐवजी उलटंच झालं.

"आत्याने अंगठा दिलाय तो कागद आण."

तिने एक जाडजूड वही आणून त्याच्यापुढे उघडली. पानभर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात. खोक्यांवर खुणा मारायचा गोदामातला पत्र्याचा जुना स्टेन्सिल ठेवून स्पंजने छत्र्या उठवलेल्या, लाल आणि पिवळ्या. कापडाच्या लूमची रिकामी कांडी शाईत बुडवून काढलेली वर्तुळं. आणि मधोमध, पाकळीला पाकळी लावून, निळे अंगठे.

"आर्ट जर्नल आहे, पप्पा. मनाला येईल ते छापायचं, रंगवायचं. म्हटलं, आज आत्यांचाही हात लागू दे."

"ठसे विकत मिळतात ना? ऑनलाईन?"

"असा नाही मिळत."

तेच तर. केसरीनाथने पान उजेडात धरलं. पांढऱ्या रंगाखालून 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' अशी अक्षरं दिसत होती. त्याने नखाने रंग खरवडला. जमिनीचीच नोटीस निघाली. गाव मात्र भलतंच होतं.

"आणि ही खाली कोरी जागा?"

"तिथे काहीतरी लिहीन."

"काय?"

"अजून सुचलं नाही."

"अंगठ्याखाली कोरी जागा ठेवू नये," केसरीनाथ म्हणाला. "तुला नाही सुचलं तर दुसऱ्याला सुचतं. भर ती."

मृणालीने स्पंज घेतला, पण तिचा हात सावकाश. शेवटी त्यानेच तो घेतला, कडक पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्टेन्सिल दाबून धरून छत्र्या उठवायला लागला. पहिली फिसकटली. दुसरी बरी आली. तिसरीला त्याने पिवळ्यात थोडा लाल घेतला.

"दांडा वाकडा झाला रे," धोंडूबाई म्हणाली.

कोरी जागा भरली. केसरीनाथने मान तिरकी करून पान पाहिलं, सुस्कारा सोडला. धनेशला काही मिळालं नव्हतं. आणि ते मिळालं नव्हतं, म्हणजे अजून मिळण्यासारखं होतं. त्याने बॅग पुढे ओढली. त्या जागेचं संमतीपत्र प्लास्टिकच्या पिशवीत होतं, घडी न पडू दिलेलं.

"आक्का, अनायासे शाई हाय तर..."

मृणाली वही मिटायची थांबली.

धोंडूबाईने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "धनेशनंबी काढला होता. रसाच्या गाडीवर. असाच पिशवीतून."

"मग?"

"मग काय? पॅड इसरला होता. मना म्हणतो, आक्का, पुढच्या वेळी."

"आपल्याकडे पॅड आहे," केसरीनाथच्या तोंडून निघून गेलं.

"दिसला मना."

तिने पॅड जवळ ओढलं. मृणालीने शिकवलं होतं तसा अंगठा आडवा ठेवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला, दाबला, पुन्हा दाबला. केसरीनाथने संमतीपत्र टीपॉयवर सरळ केलं आणि दोन्ही हातांनी कोपरे धरून पुढे वाकला.

धोंडूबाईने हात कागदावरून पलीकडे नेला. केसरीनाथच्या दोन भुवयांच्या मधे अंगठा टेकवला आणि कपाळावर वर ओढला, दर भाऊबीजेला ओढते तसा.

"धनेशलाबी असाच लावीन," ती म्हणाली. "पॅड घेऊन येवदे त्याला."

केसरीनाथची बायको कमळ चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याचं कपाळ पाहून दारातच थांबली.

शाई जरा जास्तच लागली होती. तिचा एक ओघळ नाकावर उतरायला लागला. केसरीनाथला तो कळत होता. पण पंखा जोरात फिरत होता, आणि हात उचलला असता तर कागद उडाला असता.