खिडकी क्रमांक एक

"हेही चालणार नाही," चाळणीबाई म्हणाल्या आणि बालभत्त्याचा अर्ज चौथ्यांदा खिडकीतून बाहेर आला.

इस्त्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर वेळी लॉन्ड्रीतला अर्धा दिवस बुडत होता. आधी सही चौकटीबाहेर गेली. मग पगाराचा दाखला तीन महिन्यांचा निघाला, हवा होता वर्षाचा. मग जन्मदाखल्यावरचा शिक्का पुसट. आणि आज काय, तर भाड्याच्या पावतीवर जुना पत्ता! मुदत उद्या संपत होती. भत्ता हुकला तर थोरलीची शाळा सोडवून तिला लॉन्ड्रीत उभं करायचं, असं घरात ठरलं होतं. पोरगीने वह्यापुस्तकं बांधूनही ठेवली होती, आणि आईला तेच जास्त लागत होतं.

बाईंना चाळणी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. घरमालकाकडून नवी पावती घ्या, पाचपर्यंत आणा, मी थांबते, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. इस्त्रीवालीने चिठ्ठी चुरगाळली.

शेजारच्या दोन नंबरला मात्र आनंदीआनंद होता. तिथला कारकून गोडबोल्या. कुणाला ताई, कुणाला मावशी, मुलांची चौकशी, अर्जावर धाडकन शिक्का, पुढचा! रांगेतल्या बायकांनीही तिला वेड्यात काढलं, तिथे जायचं सोडून इथे कशाला डोकं फोडतेस म्हणून. ती तडक तिकडे गेली.

तिचा नंबर आला आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली. दोन वाजता या, बघता बघता काम करतो, असं सांगून गोडबोल्याने खिडकी लावली. चाळणीबाई मात्र रांग संपल्याशिवाय डबा उघडत नसत. इस्त्रीवाली बाकावर टेकते न टेकते, तोच गोडबोल्या हातात एक अर्ज घेऊन बाहेर आला आणि गुपचूप एक नंबरच्या रांगेत शेवटी उभा राहिला.

तिला राहवलं नाही. स्वतःची खिडकी असताना इथे कसे, असं तिने विचारलंच.

गोडबोल्याने मान खाली घातली.

"बहिणीचा अर्ज आहे, ताई. माझ्याकडचे निम्मे वरून नामंजूर होऊन येतात. बाईंनी घेतलेला आजवर एकही परत आला नाही."