बदललेला पासवर्ड

आजारी आईशी होणाऱ्या गप्पा ताई रोज आपल्या विंडोज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायची. त्या रेकॉर्डिंगचं फोल्डर धाकट्या भावाने तिचा पासवर्ड वापरून स्वतःच्या लिनक्स सर्व्हरला जोडून दिलं होतं. तिथे आपोआप प्रत निघायची. आई गेली आणि महिन्याभरात ताईच्या कॉम्प्युटरची डिस्कही गेली.

"रडू नकोस, माझ्याकडे सगळं आहे," म्हणत त्याने सर्व्हर उघडला. ताईने कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, त्या दिवसापासून जोडणी तुटलेली होती. आईचे शेवटचे सहा महिने आलेच नव्हते.

"माझंच चुकलं रे," ताई म्हणाली. "तुला तेव्हाच कळवायला हवं होतं."

तिने कळवलं होतं. "बघतो गं," म्हणून त्यानेच फोन ठेवला होता.

"असू दे, ताई," तो म्हणाला.