जपानात घोडा

बारसं उद्यावर आलं तरी संयोगिताला लेकीसाठी एकही नाव पसंत पडेना. कडेगावात जन्मलेली पोर उद्या कुठल्या देशात जाईल सांगता येत नाही, तिथं कुणी तिला हसायला नको, म्हणून ती प्रत्येक नाव फोनवर जगभरच्या भाषांत तपासून बघायची. नणंदेनं सुचवलेलं 'तारा' स्पॅनिशमध्ये 'खोट' निघालं, सासूबाईंचं 'लता' पोर्तुगीजमध्ये पत्र्याचा डबा निघालं. दोन्ही बाद.

शेवटी तिनं स्वतःच नाव सांगितलं, "उमा."

धाकटा दीर साईराज फोन घेऊन टपूनच बसला होता. "वैनी, जपानीत उमा म्हंजे घोडा!"

"चालेल."

"आफ्रिकेत, स्वाहिलीत, जेवायचा काटा. आन चावणं बी!"

"चालेल म्हटलं ना, भावजी."

"आगं, आमच्या नावात एक खोट निघाली की लगेच उकिरड्यावर टाकलीस," सासूबाई करवादल्या. "आन ह्याला आख्ख्या मुलखानं नावं ठेवली, तरी ह्येच कशापायी पायजे तुला?"

संयोगितानं लेकीचं दुपटं नीट केलं आणि ती सासूबाईंकडे वळली.



"लग्नात तुम्ही तांदळाच्या ताटात 'संयोगिता' लिहायला लावलंत, त्याआधी मी उमाच होते, आत्याबाई. म्हटलं, चांगलं नाव आहे, घरात नुसतं पडून कशाला ठेवायचं?"