बसून पकडायची मेंढी

गवताची कापणी संपली की उमरावसाहेब कुरणात एक मेंढी सोडत. ज्या कापणाऱ्याने पकडली त्याची, कुरणाबाहेर पळाली तर साहेबांची. साहेबांचा कारभारी मुद्दाम चपळ मेंढी निवडत असल्यामुळे ती दरवर्षी साहेबांचीच होत आली होती.

उद्या कापणीवाल्या गिसेलाच्या मुलीचं लग्न होतं आणि वऱ्हाडाला वाढायला घरात कोबीशिवाय काही नव्हतं. त्यात तिचा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता.

"यंदा नवा नियम," कुरणाच्या फाटकात उभ्या कारभाऱ्याने घसा साफ केला. "मेंढी बसूनच पकडायची. उठेल तो बाद."

"आणि श्वास घ्यायला परवानगी लागेल का, मालक?" गिसेलाने विचारलं.

"तूर्तास नाही."

सगळे गवतात बसले. मेंढी सुटली, चार उड्या मारून थबकली. मागे कुणी धावतच नाही म्हटल्यावर पळायचं कशासाठी, हे तिला उमगेना. ती निवांत चरू लागली.

कारभाऱ्याचा धीर सुटला. तिला कुरणाबाहेर हाकलायला तो फाटकातूनच ओरडत धावला. समोरून येणारा कारभारी पाहून मेंढी उलटी फिरली आणि थेट गिसेलाच्या मांडीवर येऊन आदळली. गिसेलाने तिला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"काकू, उठू नका हं, बाद व्हाल!" शेजारचा ओडो ओरडला. कुरणभर हशा पिकला.

कारभारी धापा टाकत खाली बसला. "पुढच्या वर्षी नियम मेंढीलाही वाचून दाखवण्यात येतील."

"जरूर दाखवा," गिसेला म्हणाली. "उद्या मात्र जेवायला या."