कल्याणचा पुरावा

गुणाबाई सकाळी सातला गेली. अकरा वाजले तरी ती स्वतःच्या ओटीवरच होती, कारण समाजमंदिरात तिचा धर्म कुठला, याचा निकाल लागायचा होता.

खाचराच्या बांधाशी पुरीन, असा शब्द अनिलने आईला दिलेला. सरपंच जीवन म्हणाला, "जाळायची तर लाकडं गाव देईल. पुरायचं तर नाय. परदेशी धरम आपल्या शिवेत नको."

इथे अनिल चुकला. हात जोडायचे सोडून त्याने इतिहास सांगितला.

"परदेशी कसा, दादा? येशूचा चेला, संत बर्थलमय, दोन हजार वर्षांमागं आपल्या कल्याणला आलेला. फादर सांगतात."

सभेत जीव आला. निवृत्त धाऊ गुरुजींना इतका मोठा वर्ग बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. "जुन्या ग्रंथात इंडिया लिहिलंय खरं. पण तेव्हा अरबस्तानालाही इंडियाच म्हणायचे. कल्याणचा पुरावा शून्य." ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून मेलेल्या आज्याचं नाव होतं, तेही शिलालेख मागू लागले.

बाहेर वैशाखाचं ऊन चढत होतं. अनिलचं लक्ष उन्हाकडे होतं.

"मेला कसा तो?" सुंदरा म्हातारीने दारातून विचारलं. चाळीस पावसाळे ती गुणाबाईशेजारी वाकून भाताची आवणी करत आली होती.

"जिवंत सोलला म्हणतात. आर्मेनियात," अनिल म्हणाला.

"आय गो! नि पुरला कुठं?"

गुरुजींनी मोबाइल पाहिला. "त्यावरही मतभेद आहेत. हाडं तीन-चार गावांत आहेत. जो तो म्हणतो, आमच्याकडचीच खरी."

"म्हंजे त्या सोललेल्या परक्यासाठी गावं भांडतात," सुंदरा म्हणाली, "नि आमची गुणा..."

"म्हातारे, गप रव्ह." जीवन घाईने अनिलकडे वळला. "तुझा संत कल्याणला आलेला. नाय का?"

"आलेला."

"गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तसं पाहिलं तर शक्यता नाकारता येत नाही."

सकाळभर ज्याला कोणी वेशीतसुद्धा घेतलं नव्हतं, तो संत एकमताने कल्याणला पोचला.

"मंग आईला कल्याणलाच ने," जीवन म्हणाला. "तिथं तुमची जागा हाय. टेंपोचं आमी बघतो."

टेंपोत आईचं डोकं मांडीवर घेऊन अनिल बसला. वळणावर त्याने मागे पाहिलं. आळीतल्या कौलांमधून एकेक करून धूर निघू लागला होता. गावात मयत असलं की ते उठेपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. गुणाबाईसाठीही कुणी पेटवली नव्हती.