ओलेनाची फळी

धुरपताबाईंनी साबणाच्या वड्या, काडेपेट्या, उदबत्तीचे पुडे खाली उतरवले आणि दुकानातली मधली फळी पदरानं पुसून काढली.

“ही तुझी,” त्या सुनेला म्हणाल्या. “तुमच्याकडं जे जे मिळतंय, ते मांड हितं.”

ओलेना बघतच राहिली. मधली फळी म्हणजे गिऱ्हाइकाच्या थेट डोळ्यांपुढची जागा. नांदेडच्या ह्याच किराणा दुकानावर धुरपताबाईंनी लेकाला, अश्वजितला डॉक्टर केलं होतं. तो युक्रेनला शिकायला गेला, वसतिगृहासमोरच्या बेकरीत काम करणाऱ्या ओलेनाशी त्यानं लग्न केलं, आणि लढाई पेटल्यावर तिला घेऊन घरी आला.

आदल्या दिवशी ओलेनाच्या बहिणीचा पोलंडहून व्हिडिओ कॉल आला होता. बहीण तिकडं युक्रेनी लोकांच्या किराणा दुकानात कामाला होती. फोन फिरवून ती एकेक फळी दाखवत होती. काळा पाव, बरण्यांतल्या खारवलेल्या काकड्या, कुट्टूचे दाणे. ओलेना जत्रेतल्या पोरीसारखी एकेका वस्तूचं नाव घेऊन टाळ्या पिटत होती. मग बहीण काहीतरी बोलली आणि ओलेनाच्या टाळ्या एकदम थांबल्या.

“काय म्हणती रे?” धुरपताबाईंनी लेकाला विचारलं.

“दुकानात एक जागा रिकामी हाय म्हणती. इकडं ये म्हणती,” अश्वजित हसून म्हणाला आणि कंधारच्या दवाखान्यात कामावर जायची बस गाठायला निघून गेला.

धुरपताबाईंना हसू आलं नाही. लेकाला पुढं काही विचारायचा धीरही झाला नाही. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं, की पोरीला तसलं दुकानच पाहिजे ना, मग ते इथंच करू.

उत्तरेकडं उपासाला खातात तो कुट्टू गुरुद्वाऱ्याजवळच्या पंजाबी दुकानात मिळाला. काकड्या बाजारात ढिगानं होत्या. शेपूची जुडी हुंगून तर ओलेनानं सासूला मिठीच मारली. तिकडं शेपूवाचून पान हलत नाही म्हणे. काळा पाव ती घरीच भाजू लागली. भर मे महिना. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ व्हायचं आणि आत पोरगी भट्टीपुढं घामानं निथळत उभी.

माल काही खपेना. शेजारच्या साखराबाईंनी काकडीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच हातावर काढला. “अगं बाई, धुरपता, आंबली की गं ही!” पाव तर कुणी हातातही घेईना. उरलेला घरात संपवावा लागे. धुरपताबाईंच्या दाढा ठणकायच्या, तरी त्या म्हणायच्या, “लई झकास झालाय.” आणि ओलेना दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ मळायला बसायची.

एके सकाळी धुरपताबाईंनी रंगाचा डबा आणि एक लाकडी फळकुट तिच्यापुढं ठेवलं. “पाटी लिही. तुझ्या लिपीत.”

“आई, इथं कोण वाचणार?”

“जिला वाचता येईल ती.”

पाटी लागली. येणारे-जाणारे मान वाकडी करून बघायचे, हसायचे, पुढं जायचे. पाऊसकाळ आला आणि सरतही आला.

मग एका दुपारी एक रिक्षा दुकानावरून पुढं गेली, करकचून थांबली आणि उलटी मागं आली. आतून एक गोरीपान, साठीतली बाई उतरली. अंगावर सुती साडी, कपाळाला टिकली, हातात वायरची पिशवी. भर रस्त्यात उभी राहून, पहिलीतल्या पोरीनं वाचावं तसं एकेक अक्षर जोडत तिनं पाटी मोठ्यानं वाचली. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तिला भान नव्हतं.

“हे कुणी लिवलं वो?” तिनं विचारलं. बोली अस्सल हदगावची.

धुरपताबाई गल्ल्यावरून उठून आत ओरडल्या, “ओलेना! वाचणारी आली गं!”

बाईंचं नाव नादिया. यजमान डॉक्टर, ते फार वर्षांपूर्वी तिकडं शिकायला गेले होते, तेव्हापासून ह्या हदगावच्या सूनबाई. आईबाप वारल्यावर रोज आपली भाषा बोलायला माणूसच उरलं नव्हतं. ओलेनानं बरणीतली काकडी पुढं केली. नादियाबाईंनी कचकन घास घेतला आणि खाता खाताच रडू लागल्या. मग दोघी गळ्यात पडल्या, मग पोत्यांवर बसल्या, आणि बोलणं जे सुटलं ते थांबेचना. मध्येच नादियाबाईंनी फोन लावले, एक उदगीरला, एक लातूरला. तिकडंही अशाच सुना होत्या, पण कित्येक वर्षांत गाठभेट नव्हती. रविवारी सगळ्या येणार असं ठरलं. संध्याकाळपर्यंत नादियाबाईंनी फळी रिकामी केली.

धुरपताबाईंना मोठा आनंद झाला होता. पण पोरगी इतकी खळखळून हसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि मनात पुन्हा तेच आलं. आता हिला माहेरची ओढ लागली तर?

ओलेना शेवटची बरणी बांधायला आत गेली, तसा त्यांनी नादियाबाईंचा हात धरला.

“बाई, तुमाला बोलली आसंल ती. खरं सांगा. पोलंडला जाती म्हणती का? म्या हे सगळं तेवढ्यासाठीच मांडलं वो. पोरगी हितं राहावी म्हणून.”

नादियाबाईंना असं हसू फुटलं की पदर डोळ्यांना लावावा लागला.

“अवो, पोलंडला तिनं बहिणीचा फोन आला त्याच दिशी न्हाई म्हणून सांगितलं! म्याच इचारलं आता, उन्हाळ्याचं भट्टीपुढं कशाला मरत होतीस गं? तर म्हणती, ‘काय करू? आमच्या आईला ह्या दुकानाची लई हौस हाय!’”